ऑनर सोसायटीत निवड झाली नाही. मग मुलीने नवी शाखा काढावी का?

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे:

‘माझी मोठी मुलगी इथल्या सरकारी हायस्कुलात अकरावीत शिकते. तिचा जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, ३.८ आहे, गणितात ती पहिल्यापासून हुशार आहे आणि तिच्या वागण्याबद्दल शाळेतून आजवर एकही तक्रार आलेली नाही. तरीही या वर्षी नॅशनल ऑनर सोसायटी या गुणी विद्यार्थ्यांच्या सन्मान-संस्थेसाठी तिची निवड झाली नाही, आणि तिच्यापेक्षा कमी गुण असलेल्या दोन मैत्रिणींची झाली. शाळेने पाठवलेल्या चार ओळींच्या पत्रात कारण दिलेले नाही. माझ्या यजमानांचे म्हणणे आहे की थेट प्राचार्यांना भेटून जाब विचारावा. मुलगी म्हणते की कोणीही शाळेत यायचे नाही. आमच्याकडे गणिताची ऑनर सोसायटी नाही, ती मीच सुरू करते. मला वाटते, हे ती रागाच्या भरात बोलते आहे. त्यातच नववीतल्या धाकट्या मुलाच्या नावाने घरी एका ऑनर सोसायटीचे निवडपत्र आले आहे आणि सभासद होण्यासाठी पैसे भरायला सांगितले आहे. आम्ही दोघेही महाराष्ट्रात शिकलो, त्यामुळे या कशाचीच आम्हाला कल्पना नाही. आम्ही काय करावे?’

ताई, तुमच्या प्रश्नांपैकी धाकट्याच्या पत्राचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी हातावेगळा करू. नॅशनल ऑनर सोसायटीचे सभासदत्व दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. सहावी ते नववीच्या मुलांसाठी नॅशनल ज्युनिअर ऑनर सोसायटी आहे. दोन्हींसाठीची निवड मुलाच्या स्वतःच्या शाळेत, त्याच शाळेचे शिक्षक करतात. तेव्हा घरी टपालाने आलेल्या पत्रामागे शाळा आहे की नाही, हे पाहायचे असेल तर शाळेच्या कौन्सेलरना एक ईमेल पाठवून दोनच गोष्टी विचारा: या संस्थेची शाखा आपल्या शाळेत आहे का, आणि असल्यास तिचे सल्लागार शिक्षक कोण आहेत. शाखा नाही असे उत्तर आले तर ते पत्र बाजूला ठेवून द्या. केवळ पैसे मागितले म्हणून संस्था खोटी ठरत नाही, कारण शाळेतल्या शाखाही थोडीफार वर्गणी घेतात. परंतु ज्या सन्मानासाठी मुलाला ओळखणाऱ्या एकाही शिक्षकाचे मत घेतलेले नाही, त्याच्यापासून महाविद्यालयाच्या प्रवेश-समितीला मुलाबद्दल फारसे काही कळत नाही. नववीतल्या मुलाने ते पैसे आणि तो वेळ एखाद्या आवडीच्या कामाला द्यावा.

आता मुलीविषयी. तिला वाईट वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तुम्ही दोघांनी त्या दुःखाची घाईने समजूत काढू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. ‘काही बिघडत नाही, कॉलेजला त्याचे काही नसते’ असे वाक्य आईवडिलांच्या तोंडून येते तेव्हा मुलांना त्यातून एवढेच ऐकू येते, की माझे दुःख यांना क्षुल्लक वाटते. तिला चार दिवस वाईट वाटू द्या. पण त्याच वेळी हेही समजून घ्या, की ही निवड कशी होते. कारण तुमच्या पत्रातली ‘कमी गुण असलेल्या मैत्रिणी’ ही तक्रार गुणवत्ता यादीच्या वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात सहज येते, आणि या संस्थेचा कारभार मुळात त्या तत्त्वावर चालत नाही.

नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ साली माध्यमिक शाळांच्या प्राचार्यांच्या राष्ट्रीय संघटनेने स्थापन केली, आणि तिची पहिली शाखा पिट्सबर्गच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हायस्कुलात, तिथले प्राचार्य एडवर्ड राइनिअर्सन यांच्या पुढाकाराने निघाली. प्राचार्यांनीच काढलेली संस्था असल्यामुळे निवडीचा सगळा अधिकार आजही शाळेच्या हातात आहे. सभासदत्वाचे चार आधार सांगितलेले आहेत: विद्याभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. यांपैकी गुणांचा उपयोग फक्त उंबरठ्यापुरता होतो. राष्ट्रीय नियमांनुसार चारपैकी ३.० जीपीए, किंवा त्याच्या बरोबरीचे ८५ टक्के, एवढे किमान लागतात. एखादी शाखा हा उंबरठा ३.५ वर किंवा त्याहूनही वर नेऊ शकते. मात्र जो विद्यार्थी उंबरठा ओलांडून आत आला, त्याचे गुण ३.६ आहेत की ३.९, याला त्यानंतर महत्त्व उरत नाही. पुढे उरलेल्या तीन गोष्टी पाहिल्या जातात, आणि त्या पाहण्यासाठी प्राचार्य दरवर्षी पाच शिक्षकांची समिती नेमतात, जिला तिथे फॅकल्टी कौन्सिल म्हणतात. सल्लागार शिक्षक बैठकीला असतात, पण त्यांना मत नसते. प्राचार्य स्वतः समितीत बसत नाहीत. निर्णय बहुमताने होतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत कोणा एका माणसाने तिला नाकारले असे झालेले नाही. पाच जणांपुढे तिच्याविषयीची जी माहिती आली, ती त्यांच्यापैकी बहुतेकांना अपुरी वाटली.

ही माहिती त्यांच्यापुढे येते कोठून, हा खरा प्रश्न आहे. उंबरठा ओलांडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहसा एक फॉर्म भरायला देतात. तो प्रवेशअर्ज समजला जात नाही. समितीला विद्यार्थ्याच्या कामाची माहिती मिळावी एवढ्यासाठी तो असतो. त्यात शाळेतले उपक्रम, नेतृत्वाची पदे, समाजसेवेचे तास, मिळालेले सन्मान असे रकाने असतात, आणि बऱ्याच शाळांत प्रत्येक कामापुढे ते पाहिलेल्या एखाद्या मोठ्या माणसाची सही लागते. समितीतल्या पाच शिक्षकांपैकी तुमच्या मुलीला शिकवलेला कदाचित एकच असेल, किंवा एकही नसेल. त्यांच्या दृष्टीने ती मुलगी म्हणजे तो फॉर्म.

आणि इथे मला मराठी घरांविषयी थोडे बोलायचे आहे, कारण आपल्या मुलांचे फॉर्म बहुधा गुणांच्या रकान्यात भरलेले आणि बाकी ठिकाणी ओस असतात. ती मुले काही करत नाहीत असे मुळीच नाही. मुलगी दर रविवारी मराठी शाळेत धाकट्या वर्गाला बाराखडी गिरवून घेते. मंडळाच्या गणेशोत्सवात सकाळी आठपासून खुर्च्या मांडते, नाव-नोंदणीच्या टेबलावर बसते, संध्याकाळी लहान मुलांच्या नाटुकल्याची तालीम घेते. आजी भारतातून आली की तिला डॉक्टरांकडे दुभाषी म्हणून घेऊन जाते. यातले काहीही फॉर्मवर येत नाही. एक तर घरात कोणी त्याला ‘सेवा’ म्हटलेले नसते, ते आपलेच काम असते. आणि दुसरे म्हणजे आपले कौतुक आपण सांगू नये, हे आपण तिला लहानपणापासून शिकवलेले असते. हा संस्कार चांगला आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही. पण केलेल्या कामाची नोंद ठेवणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे, हे तिला तुम्हीच सांगायला हवे. शाळेकडून ते तिच्या कानावर येणार नाही.

म्हणून या शनिवारी तिच्याबरोबर बसून नववीपासूनच्या कामांची एक साधी वही करा: काम, ठिकाण, तारीख, तास, आणि ते पाहिलेल्या माणसाचे नाव. मराठी शाळेतल्या शिकवण्याबद्दल शाळेच्या संचालिकांकडून, गणेशोत्सवातल्या कामाबद्दल मंडळाच्या कार्यवाहांकडून दोन ओळींचे पत्र घ्या. ‘गणेशोत्सवात मदत केली’ असे मोघम न लिहिता ‘तीन वर्षे नोंदणीचे टेबल सांभाळले, गेल्या वर्षी चार लहान मुलांना ते काम शिकवले’ असे लिहिले, तर त्यात सेवाही दिसते आणि नेतृत्वही. मात्र कोणते तास चालतात याचे नियम शाखेगणिक वेगळे असतात. घरच्या माणसांसाठी केलेले काम बहुतेक ठिकाणी सेवेच्या तासांत धरत नाहीत, आणि धार्मिक कार्यक्रमातल्या कामाबद्दलही काही शाखांचे स्वतंत्र नियम असतात. तेव्हा सल्लागार शिक्षकांना आधी विचारून घ्यावे. आजीला डॉक्टरांकडे नेण्याचे तास इथे धरले गेले नाहीत तरी ते वाया जात नाहीत. महाविद्यालय-प्रवेशाच्या कॉमन ॲप या सामाईक अर्जात उपक्रमांच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी हा एक प्रकारच दिलेला आहे, आणि तिथे ते मोकळेपणाने लिहावे.

मराठीचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट ओघात सांगते. अमेरिकेतील जवळपास सर्व राज्यांत हायस्कूल पूर्ण करताना दोन भाषांवरील प्रभुत्वाची अधिकृत मोहोर मिळवता येते, जिला सील ऑफ बायलिटरसी म्हणतात, आणि मराठीसाठी लेखन-संभाषणाची मान्य चाचणी उपलब्ध आहे. तुमच्या मुलीने रविवारची मराठी शाळा इतकी वर्षे केली असेल, तर बारावीच्या आत ही चाचणी देता येईल का, हे कौन्सेलरना जरूर विचारा. हा सन्मान कोणत्याही समितीच्या मतावर अवलंबून नसतो.

आता प्राचार्यांना भेटण्याविषयी. तुमच्या यजमानांची तळमळ मला पूर्ण कळते, तरी मी सांगेन की पहिली भेट त्यांनी घेऊ नये आणि ती प्राचार्यांचीही नसावी. सल्लागार शिक्षकांना मुलीने स्वतः भेटावे. अमेरिकन शाळेत अकरावीच्या विद्यार्थिनीने आपला प्रश्न आपण मांडणे हेच अपेक्षित असते, आणि वडील आधी पुढे झाले तर ज्या नेतृत्वाची कमतरता समितीला जाणवली असेल, तिलाच दुजोरा मिळतो. मुलीने पाठवायचा ईमेल छोटा आणि सरळ असावा. आशय असा: ‘या वर्षी माझी निवड झाली नाही हे मला कळले. मी निर्णयाबद्दल वाद घालण्यासाठी लिहीत नाही. माझ्या फॉर्ममधील कोणती बाजू कमी पडली आणि पुढच्या फेरीपर्यंत मी काय करावे, हे समजून घेण्यासाठी मला दहा मिनिटांची वेळ द्याल का?’ भेटीत मैत्रिणींची नावे काढू नयेत. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या फॉर्मविषयी शिक्षक बोलू शकत नाहीत, आणि त्यांनी बोलूही नये. शिवाय उद्या त्याच मैत्रिणींबरोबर तिला वर्गात बसायचे आहे. आणखी एक प्रश्न तिने अवश्य विचारावा: बारावीच्या विद्यार्थ्यांचा नव्याने विचार या शाळेत होतो का? काही शाखा वर्षातून एकदाच निवड करतात, काही दोनदा. बारावीच्या सुरुवातीला आणखी एक संधी असेल, तर ती आजच माहीत असलेली बरी.

त्या भेटीनंतरही पालकांनी जाण्याची वेळ येऊ शकते, आणि ती कधी येते हेही स्पष्ट असावे. निवडीची पद्धत विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधीपासून उपलब्ध असली पाहिजे, असा संस्थेचा नियम आहे. ती तुम्ही मागून घ्या आणि शांतपणे वाचा. फॉर्म वेळेवर देऊनही समितीपुढे गेलाच नाही, तास चुकीचे मोजले गेले, पाचाऐवजी दोघांनीच निर्णय घेतला, असे काही आढळले तर आधी सल्लागार शिक्षकांकडे आणि मग प्राचार्यांकडे लेखी विचारणा करणे योग्यच आहे. राष्ट्रीय कार्यालयाला मात्र लिहू नका. एकेका विद्यार्थ्याच्या निवडीचा फेरविचार तिथे होत नाही. आणि भेदभावाची शंका असेल तर ती गोष्ट वेगळ्याच गांभीर्याची आहे. १९९८ साली केंटकी राज्यातील ग्रँट काउंटीमध्ये दोन विद्यार्थिनींना, गुण पुरेसे असूनही, विवाहापूर्वी मातृत्व आल्यामुळे ऑनर सोसायटीबाहेर ठेवण्यात आले, तेव्हा शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन संघीय न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्याचा अंतरिम आदेश दिला होता. ‘चारित्र्य’ या शब्दाखाली शाळेला काहीही करता येत नाही, हे या खटल्यातून दिसते. तुमच्या पत्रात असे काही सूचित करणारे मला आढळले नाही, आणि ‘आम्हाला पटले नाही’ एवढ्या आधारावर भांडण काढले तर मुलीच्या पुढच्या दीड वर्षावर त्याची सावली पडेल.

आता तुमच्या लेकीच्या मनातल्या गणिताच्या सोसायटीकडे येते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. ती रागातून बोलते आहे असे तुम्हाला वाटते, आणि कदाचित ते खरेही असेल. पण चांगल्या कामाची पहिली ठिणगी रागातून पडली म्हणून काम वाईट होत नाही. फक्त राग ओसरल्यावरही ते टिकेल अशी व्यवस्था करावी लागते. तिला एकच प्रश्न विचारा: उद्या नॅशनल ऑनर सोसायटीने तुला बोलावले, तर मग गणिताची शाखा काढशील का? तिचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिच्या पाठीशी उभ्या राहा. ती गप्प झाली, तर तिला महिनाभर विचार करू द्या.

गणितासाठी हायस्कूल पातळीवर जी ऑनर सोसायटी सर्वांत प्रसिद्ध आहे, ती म्यू अल्फा थीटा. १९५७ साली ओक्लाहोमा विद्यापीठात तिची सुरुवात झाली, आणि शाळाशाळांतून तिच्या शाखा आहेत. दर उन्हाळ्यात तिचे राष्ट्रीय अधिवेशनही भरते, ज्यात गणिताच्या स्पर्धा होतात. सभासदत्वाची अट सर्वसाधारणपणे अशी, की महाविद्यालयपूर्व गणिताची दोन वर्षे, म्हणजे बीजगणित आणि भूमितीच्या पातळीपर्यंतचे काम पूर्ण झालेले असावे, तिसरे वर्ष चालू किंवा पूर्ण असावे, आणि गणितातील जीपीए किमान ३.० असावा. इथे शिक्षकांच्या समितीचे मतदान आणि चारित्र्याची चर्चा केंद्रस्थानी नसते, त्यामुळे तुमच्या मुलीला तिथे अडचण येऊ नये. पण शाखेची सनद, म्हणजे मान्यतापत्र, शाळेच्या नावाने निघते, विद्यार्थिनीच्या नावाने नाही. शाळेतील एक शिक्षक तिचा प्रायोजक म्हणून उभा राहिला पाहिजे आणि प्राचार्यांची संमती पाहिजे. याचा अर्थ सगळा डाव एका गणिताच्या शिक्षकावर अवलंबून आहे.

त्या शिक्षकांकडे ती कशी जाते, याला फार महत्त्व आहे. इथले शिक्षक तासांनंतर थांबतात ते बहुधा करारात ठरलेल्या कामांसाठी, आणि जुन्या क्लबांच्या सल्लागारांना काही शाळाजिल्ह्यांत त्याचे मानधन मिळते. नव्या क्लबाला पहिल्या वर्षी ते मिळेलच असे नाही. म्हणजे ती त्यांच्याकडे त्यांचा फुकटचा वेळ मागायला जाणार आहे. रिकाम्या हाताने ‘सर, मला एक सोसायटी काढायची आहे’ असे म्हणत गेली, तर सर हसून ‘बघू’ म्हणतील आणि बाब तिथेच संपेल. तिने एक पानभर आराखडा लिहून न्यावा: भेटीचा वार आणि वेळ, खोली, पहिल्या चार भेटींत काय करायचे, किती जण येतील त्यांची नावे, आणि शिक्षकांकडून नेमकी किती मदत लागेल. आठवड्यातून एकदा एक तास खोली उघडी ठेवणे आणि कागदांवर सह्या करणे, एवढीच मागणी असली तर होकार मिळण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

माझा आग्रह असा, की सनदेचा अर्ज आधी नको, काम आधी हवे. जानेवारीपासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात एक टेबल घ्या आणि नववीच्या मुलांसाठी बीजगणिताची मोफत शिकवणी सुरू करा. तिथे येणारी मुले कोण असतात, हे तुमच्या मुलीने जवळून पाहावे. एखादा मुलगा येतो, त्याला द्विपद गुणाकार येतो, पण समोर वर्गसमीकरण आले आणि अवयव पाडायला सांगितले की त्याचा हात थांबतो, कारण कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार बारा आणि बेरीज सात येते, हे शोधण्याची त्याला सवयच नाही. वर्गात ते विचारायची लाज वाटते, आणि महिन्याभरात तो स्वतःला ‘गणितात ढ’ म्हणू लागतो. दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलीने शेजारी बसून, त्याच्याच वहीत, बाराच्या सगळ्या जोड्या एकाखाली एक लिहायला लावल्या, आणि तीन आणि चार त्याने स्वतः शोधले, की पुढच्या बुधवारी तो परत येतो आणि मित्रालाही घेऊन येतो. हे काम करणारी चार मुले जमली आणि दोन महिने टिकली, की शाखा म्हणजे त्या कामाला दिलेले नाव ठरते. शिक्षकांना तेव्हा नवे काही मागावे लागत नाही.

यातून आणखी एक गोष्ट साधते, जी मला फार महत्त्वाची वाटते. सभासदत्वाला गुणांची अट आहे, पण शिकवणीला ती नसावी. जिला एका दारातून परत पाठवले गेले, तिने आपले दार किती रुंद ठेवायचे याचा विचार आधीच करून ठेवावा. जीपीए ३.० च्या खालची मुले सभासद होऊ शकणार नाहीत. तरी कोडी सोडवायला, स्पर्धेच्या सरावाला, शिकायला आणि शिकवायलाही त्यांना जागा असावी. म्हणून बरेच शिक्षक आधी सर्वांसाठी खुला गणित-क्लब आणि त्याच्या आत ऑनर सोसायटीची शाखा अशी रचना पसंत करतात, आणि मलाही तीच योग्य वाटते.

तिने पदाधिकारी निवडताना आपल्याच अकरावीच्या मैत्रिणींनी सगळ्या जागा भरू नयेत. अध्यक्षपद तिच्याकडे राहू द्या, पण सचिव आणि कोषाध्यक्ष दहावीचे असावेत आणि शिकवणीचे वेळापत्रक नववीच्या एखाद्या मुलाकडे द्यावे. विद्यार्थ्यांनी उत्साहाने सुरू केलेले क्लब बहुतेक वेळा संस्थापक पदवी घेऊन गेले की दुसऱ्या वर्षी बंद पडतात, आणि मागे शाळेच्या संकेतस्थळावर फक्त नाव उरते. तुमचा धाकटा नववीतच आहे. त्याला आवड असेल तर त्याला घ्या, मात्र बहिणीने भावाला पद देऊ नये, ते प्रायोजक शिक्षकांनी द्यावे. बायलॉज म्हणून दोन पानांचे नियम लिहायचे असतात, त्यांत सभासदांची निवड कशी होते आणि न झाल्यास कारण कसे कळवले जाईल, हे स्पष्ट लिहिण्याची संधी तिला आहे. चार ओळींचे कोरडे पत्र मिळाल्यावर काय वाटते, हे तिला ठाऊक आहे. ती हा नियम इतरांपेक्षा चांगला लिहील.

महाविद्यालयाच्या दृष्टीने याचा काय उपयोग, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या यजमानांच्या मनात ते असणार, म्हणून सांगते. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा आणि सन्मानांसाठी पाच जागा असतात, आणि एकेका उपक्रमाचे वर्णन १५० अक्षरचिन्हांत बसवावे लागते. ‘सदस्य, नॅशनल ऑनर सोसायटी’ ही ओळ देशभरातल्या असंख्य अर्जांत असते, आणि तिच्यापुढे लिहिण्यासारखे फारसे काही नसते. ‘दर बुधवारी नववीच्या मुलांना बीजगणित शिकवणारा गट सुरू केला, त्यातून शाळेची पहिली गणित ऑनर सोसायटी उभी केली’ हे त्या १५० चिन्हांत बसते, आणि वाचणाऱ्याला एक विशिष्ट मुलगी दिसते. पण केवळ अर्जासाठी शाखा काढायची असेल, तर ती काढू नये. बारावीच्या सप्टेंबरमध्ये कागदावर काढलेल्या संस्था वाचणाऱ्यांना ओळखू येतात, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या गणिताच्या शिक्षकांना तर त्या नक्कीच माहीत असतात.

पुढचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात कामांची वही आणि सल्लागार शिक्षकांना ईमेल. नाताळच्या सुट्टीपूर्वी गणिताच्या शिक्षकांशी बोलणे आणि शाळेत नव्या क्लबांची नोंदणी कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत होते याची चौकशी, कारण अनेक शाळांत ती वर्षातून ठरावीक वेळीच होते. जानेवारीत शिकवणीची सुरुवात. आणि गट टिकला तर वसंतात सनदेसाठी अर्ज. सनदेचे शुल्क किती आणि ते शाळा भरणार की सभासद, हे प्रायोजक शिक्षकांनी प्राचार्यांना विचारावे. ते तुम्ही परस्पर भरून टाकू नका, नाही तर ती शाखा शाळेची न राहता तुमच्या घरची होईल. तुम्हाला मदत करावीशी वाटणारच, तर बुधवारच्या मुलांसाठी खाऊ पाठवा. फक्त शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू पाठवण्याआधी शाळेचे ॲलर्जीविषयीचे नियम मुलीला विचारून यायला सांगा.